मोफसिल : आपल्या ‘तपशील’चा इंग्रजीत गेलेला भाऊ

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांची रेंज एसटीत बसलं की जाते, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तेच आहे, फक्त मधले ‘म्हणजे कसंय ना’ थोडे कमी केलेत.

आजचा शब्द आहे मोफसिल. इंग्रजीत हे विशेषण आहे आणि नामही. उच्चार करताना जोर ‘फ’वर द्यायचा : मो-फ-सिल. अर्थ सोपा आहे. राजधानीच्या किंवा मोठ्या शहराच्या बाहेरचा, जिल्ह्या-तालुक्याचा, आडबाजूचा. मोफसिल टाऊन, मोफसिल कोर्ट, मोफसिल बातमीदार. आपली राहुरी हे त्याचं पुस्तकी उदाहरण म्हणून देता येईल. तालुक्याचं गाव, मुळा नदी, दौंड-मनमाड लाइनवरचं स्टेशन, नगर-मनमाड रस्ता आणि त्यावरून शिर्डीला निघालेल्या गाड्या.

इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला हा शब्द बहुधा माहीत नसतो. कारण तो तिकडचा नाहीच. तो इकडे तयार झाला, इकडेच वापरला गेला आणि त्याची सख्खी भावंडं आपण मराठीत रोज वापरतो.

‘तपशील’ आणि ‘फैसला’

मूळ शब्द अरबी, मुफस्सल. तो फारसीमार्गे हिंदुस्थानात आला. अरबीत बरेचसे शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून बनतात. इथे मूळ आहे फ-स-ल, अर्थ वेगळं करणं, विभागणं. त्यातून काय काय निघालं बघा.

एक, तपशील. मूळ रूप तफसील, म्हणजे एकेक गोष्ट वेगळी करून सांगणं. ‘खात्याचा तपशील भरा’ असं बँकेच्या ॲपवर दिसतं ना, तोच.

दोन, फैसला. खरं-खोटं वेगळं करून दिलेला निकाल.

तीन, फसल, म्हणजे हंगाम किंवा पीक. महसुलाच्या जुन्या कागदांत जे फसली साल असतं, ते शेतीच्या हंगामावर बेतलेलं साल.

मग मुफस्सल म्हणजे ‘वेगवेगळा मांडलेला, तपशीलवार’. आता प्रश्न येतो की ‘तपशीलवार’चा अर्थ ‘खेड्यापाड्याचा’ कसा झाला? उत्तर सरकारी हिशेबाच्या पद्धतीत आहे. एका बाजूला सदर. अरबीत सदर म्हणजे छाती, पुढचा भाग, त्यावरून मुख्य जागा. वाड्याची सदर, सदर बाजार, पेपरातलं सदर, सगळे याच घरातले. दुसऱ्या बाजूला मुफस्सल, म्हणजे मुख्य कचेरीपासून वेगळे, सुटे भाग, जिथून एकेक परगण्याचा हिशेब यायचा. सदरेत एकूण बेरीज, मुफस्सलात नोंदी. आपल्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्ड सदरेत आणि डेटाबेस मुफस्सलात.

इंग्रजांनी शब्द उचलला

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये न्यायव्यवस्थेची नवी योजना आणली. प्रत्येक जिल्ह्यात दिवाणी दाव्यांसाठी मोफसिल दिवाणी अदालत आणि वर कलकत्त्याला सदर दिवाणी अदालत. सदर आणि मोफसिल ही जोडी अशी इंग्रजी राज्याच्या कागदावर पक्की झाली.

पुढच्या दहा वर्षांत शब्द छापील इंग्रजीत दिसू लागला. हिंदुस्थानी शब्दांचा जो प्रसिद्ध जुना इंग्रजी कोश आहे, हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६), त्यात या शब्दाचं एक जुनं उदाहरण १७८१ च्या हिकीच्या ‘बेंगॉल गॅझेट’मधलं आहे. गंमत म्हणजे तिथे शब्द चुकीचा छापला गेलाय. नवा शब्द, जुळाऱ्याला माहीत नसणार, झालं.

याच कोशात अर्थाचा एक बारकावा आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोफसिल हा शब्द सापेक्ष आहे. कलकत्ता, मद्रास, मुंबई या राजधान्यांच्या बाहेरचं सगळं मोफसिल. पण जिल्ह्याच्या ठिकाणी बसलात, तर त्या जिल्ह्यातली बाकीची गावं मोफसिल. म्हणजे मुंबईसाठी नगर मोफसिल. नगरसाठी राहुरी. राहुरीसाठी वांबोरी. आमच्या धंद्यातला शब्द वापरायचा तर हा रिलेटिव्ह पाथ आहे. तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहात, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

ही सवय फक्त इंग्रजांची नव्हती. पेशवाईत पुण्याला हुजूर दप्तर होतं आणि बाकी मुलूख बाहेर. गावांच्या नावांतलं बुद्रुक आणि खुर्द हे फारसी बुजुर्ग आणि खुर्द, म्हणजे थोरलं आणि धाकटं. राहुरी खुर्दची पाटी हायवेवरून जाताना दिसते. कोण मोठं, कोण धाकटं, हे नावातच नोंदवून टाकलेलं.

विशेषण की सरहद्द?

इथपर्यंत ही शब्दाची मजा होती. पण मोफसिल हे नुसतं वर्णन राहिलं नाही. त्याने कायदा वेगळा केला.

मुंबई बेटासाठी १८२३ मध्ये सुप्रीम कोर्टाची सनद निघाली. तिथे इंग्लंडच्या धर्तीचा कायदा. बेटाबाहेरच्या मुलखाला वेगळी कोर्टं आणि वेगळे नियम. एल्फिन्स्टनच्या काळातले १८२७ चे मुंबई रेग्युलेशन्स या मोफसिल भागासाठी होते. पेशवाई संपल्यावर १८१८ मध्ये नगर जिल्हा इंग्रजांकडे आला, हेन्री पॉटिंजर पहिला कलेक्टर झाला, आणि आपण सगळे दफ्तरी भाषेत मोफसिल झालो.

१८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं, तेव्हा सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत एकत्र केली. पण शिवण अजून दिसते. हायकोर्टाच्या दोन बाजू आहेत, ओरिजिनल साइड आणि अपेलेट साइड. मुंबई शहरातले मोठ्या रकमेचे दिवाणी दावे थेट हायकोर्टात दाखल होतात. राहुरीचा दावा आधी जिल्ह्यातल्या कोर्टात चालतो आणि अपिलात वर जातो.

या सीमेवरून दोन मोठी भांडणं झाली. पहिलं १८३६ चं. मोफसिलमध्ये राहणाऱ्या गोऱ्यांना दिवाणी प्रकरणात कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाकडे धाव घेता यायची. मेकॉलेने ती सवलत काढून त्यांनाही सदर दिवाणी अदालतीकडे जायला लावलं. कलकत्त्याच्या गोऱ्यांनी या कायद्याला ‘ब्लॅक ॲक्ट’ म्हणून शिव्या घातल्या.

दुसरं भांडण १८८३ चं, इल्बर्ट बिलाचं. तेव्हाची परिस्थिती अशी की हिंदी मॅजिस्ट्रेट कलकत्ता-मुंबईत असेल तर गोऱ्या आरोपीचा खटला चालवू शकतो, पण मोफसिलमध्ये गेला की नाही. बिहारीलाल गुप्ता हे कलकत्त्यात प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट होते आणि त्यांनीच हा मुद्दा सरकारपुढे मांडला. म्हणजे बघा, माणूस तोच, शिक्षण तेच, परीक्षा तीच. बढती मिळून जिल्ह्यात गेला की अधिकार कमी. बिल आलं तसा गोऱ्यांनी एवढा गोंधळ घातला की १८८४ मध्ये सरकारने माघार घेतली : गोऱ्या आरोपीला ज्यूरी मागता येईल आणि त्यात निम्मे तरी युरोपियन किंवा अमेरिकन असतील. पुढच्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. दोन्हींचा संबंध इतिहासकार नेहमी लावतात.

नगर जिल्हा, १८७५

आता आपल्या घराजवळची गोष्ट.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले. लोण नगर जिल्ह्यातही पोचलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा राग मुख्यतः एका वस्तूवर होता : कर्जाची खतं. ती मिळवायची आणि जाळायची.

कागदावर एवढा राग का? कारण मोफसिल कोर्टात कागद म्हणजे सत्य. सावकार खत घेऊन कोर्टात जायचा. शेतकऱ्याला वाचता येत नाही, तारखेला जाणं परवडत नाही, वकील नाही. मग एकतर्फी हुकूमनामा आणि जमिनीवर जप्ती. मुळात किती पैसे घेतले, किती फेडले, व्याजाचं मुद्दल कितीदा झालं, हे विचारायची कोर्टाला गरजच नव्हती. खतावर अंगठा आहे ना, संपलं.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला. सुरुवातीला तो चारच जिल्ह्यांना लागू होता : पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर. त्यात कोर्टावर एक नवं काम टाकलं. खताच्या मागे जायचं, व्यवहार सुरू झाला तेव्हापासूनचा हिशेब तपासायचा आणि खरं देणं किती ते काढायचं. शिवाय गावपातळीवर खतं नोंदवायची सोय आणि तडजोड करून देणारे लोक.

या कायद्याने शेतकऱ्यांचं कर्ज संपलं नाही. पण माझ्या मते त्याने मुफस्सल कोर्टाला निदान कागदावर तरी मूळ अर्थाने मुफस्सल केलं. एकूण आकडा बाजूला ठेवा आणि तपशील बघा, असं सांगितलं.

मोफसिलचे पेपर

१८४५ मध्ये जॉन लँग या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या वकिलाने ‘द मोफसिलाइट’ नावाचं इंग्रजी वर्तमानपत्र काढलं. उत्तर हिंदुस्थानात ते बराच काळ चाललं आणि कंपनी सरकारला टोमणे मारत राहिलं. जे नाव राजधानीवाले नाक मुरडून घेत, तेच याने पेपरच्या माथ्यावर छापलं. हाच लँग १८५४ मध्ये झाशीला गेला होता. संस्थान खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी त्याला वकिली सल्ल्यासाठी बोलावलं होतं. त्या भेटीचं वर्णन त्याने पुढे पुस्तकात लिहिलं.

पण मोफसिलमधून पेपर काढण्यात नगर त्याच्या तीन वर्षं पुढे होतं. अमेरिकन मराठी मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं. पुढे ते मुंबईला हललं. जन्म मात्र नगरचा.

आणि मला सगळ्यात भारी वाटणारं उदाहरण म्हणजे मुकुंदराव पाटलांचं ‘दीनमित्र’. १९१० मध्ये सुरू झालेलं हे सत्यशोधक चळवळीचं साप्ताहिक. ते बहुतेक सगळा काळ नेवासे तालुक्यातल्या तरवडी गावातून निघालं. नेवासे म्हणजे राहुरीचा शेजारचा तालुका. मुंबई नाही, पुणे नाही, नगरसुद्धा नाही. खेड्यात छापखाना, खेड्यातच संपादक, आणि विषय शेतकऱ्यांचे : जात, सावकारी, भिक्षुकशाही, शिक्षण. अर्धशतकाहून जास्त काळ ते चाललं. शहरातल्या पेपरात खेडं बातमीचा विषय असतं. इथे खेडंच बातमी लिहीत होतं.

विशेषणाला नाक कधी फुटलं?

एकोणिसाव्या शतकातच मोफसिलला तिरकस छटा आली. मोफसिल मॅनर्स, मोफसिल इंग्लिश म्हणजे जरा गबाळं, जरा मागासलेलं. हे फक्त याच शब्दाचं नशीब नाही. लॅटिनमध्ये शहराला उर्ब्स म्हणतात, त्यावरून इंग्रजीत अर्बेन, म्हणजे सभ्य, सफाईदार. आणि व्हिला म्हणजे शेतवाडी, तिथे राबणाऱ्या माणसावरून आला व्हिलन. शेतात राबणारा, म्हणून तो खलनायक!

आपणही काही कमी नाही. संस्कृत काव्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा दोष मानलाय आणि ‘नागर’ म्हणजे चतुर, सुसंस्कृत. मराठीत खेडवळ, गावंढळ, गावठी. पण ‘गावठी’चं काय झालं बघा. गावठी अंडी, गावरान कोंबडी, गावरान तूप म्हटलं की पुण्यात भाव दुप्पट. वस्तूला लागलं की विशेषण भाव वाढवतं, माणसाला लागलं की उतरवतं. कॉलेजात ‘तुझं बोलणं एकदम नगरी आहे रे’ असं ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आज शब्द कुठे जिवंत आहे

मराठीत तो जवळजवळ गेला. पण देशात बाकी ठिकाणी मजेत आहे. चेन्नईत कोयंबेडूचं मोठं बसस्थानक २००२ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव चेन्नई मोफसिल बस टर्मिनस होतं. केरळात कोझिकोडला मोफसिल बस स्टँड आहे. तिकडे मोफसिल बस म्हणजे शहराबाहेर जाणारी बस, साधा-सरळ अर्थ. बिहारमध्ये जिल्ह्याच्या गावाला एक नगर थाना असतो आणि आजूबाजूच्या भागाला मुफस्सिल थाना. बंगालीत मोफोश्शोल म्हणजे निमशहर, आणि तिथे या शब्दाला चांगली साहित्यिक ऊबही आहे.

आपण काय केलं? शब्द टाकला, खाच ठेवली. आता आपण म्हणतो टियर टू, टियर थ्री, नॉन-मेट्रो. थोडं खोदलं की खाली जुनी रेघ सापडते.

पहिलं उदाहरण पगारातलं. घरभाडं भत्त्यावर आयकरात सूट मिळते. ती मोजताना अनेक दशकं पगाराच्या पन्नास टक्क्यांची मर्यादा फक्त चार शहरांना होती : मुंबई, कोलकाता, चेन्नई, दिल्ली. बाकी सगळ्यांना चाळीस. म्हणजे हिंजवडीत भाडं कितीही भरलं, तरी या नियमात पुणं आणि राहुरी एकाच रांगेत होती. चारातली तीन नावं ओळखलीत ना? कंपनीच्या तीन राजधान्या.

दुसरं, केंद्र सरकारी नोकरी. तिथे शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत : पन्नास लाख आणि वर लोकसंख्या, पाच ते पन्नास लाख, आणि पाच लाखांच्या खाली. सातव्या वेतन आयोगात घरभाडं भत्ता २४, १६ आणि ८ टक्क्यांपासून सुरू झाला आणि महागाई भत्ता वाढल्यावर ३०, २०, १० वर गेला. राहुरी अर्थातच झेड. आता लोकसंख्येचा निकष हा राजधानीच्या निकषापेक्षा बरा, कारण तो मोजता येतो. भाडं खरंच कमी असतं हेही मान्य. पण गावाच्या नावापुढचं ते अक्षर आपण पटकन माणसालाही लावतो, अडचण तिथे आहे.

तिसरं उदाहरण सगळ्यात मजेशीर. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट, १८८२, कलम ५८(एफ). घराची मूळ कागदपत्रं बँकेकडे ठेवून गहाण करायचं, वेगळं नोंदणीकृत गहाणखत नको, अशी ही सोय. कायदा म्हणतो की ही सोय कलकत्ता, मद्रास, मुंबई इथे आणि राज्य सरकार अधिसूचनेने ठरवेल त्या इतर गावांत. मुद्दा असा की मालमत्ता कुठे आहे हे बघायचं नाही, कागद कुठे सोपवले ते बघायचं. म्हणजे प्लॉट तालुक्यात असला तरी फाइल घेऊन मुंबई गाठली तर चालतं. गृहकर्ज घेताना बँक ‘कागद अमुक शाखेतच जमा करा’ म्हणते, त्यामागे कधी कधी हे कलम असतं. विचारून बघा.

एक रेघ मात्र नुकतीच पुसली गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि अहमदाबादला महानगर क्षेत्र मानलं होतं आणि तिथे वेगळे मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट असायचे. म्हणजे जुने प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट, नवं नाव. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा वेगळा वर्गच नाही. बिहारीलाल गुप्तांच्या खुर्चीचा वारसा एवढ्या उशिरा संपला.

मग शब्द वापरायचा का?

इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक, स्पेलिंगमध्ये एस दोनदा येतो. दोन, भारत, बांगलादेश, पाकिस्तानबाहेरच्या वाचकाला लिहिताना अर्थ एका ओळीत सांगा. तीन, जागेला किंवा व्यवस्थेला लावा : मोफसिल टाऊन, मोफसिल प्रेस, मोफसिल बस. माणसाच्या अकलेला लावू नका. आणि रूरल म्हणजे मोफसिल नव्हे. रूरल म्हणजे ग्रामीण. मोफसिल म्हणजे केंद्राबाहेरचं, त्यात अख्खं जिल्ह्याचं शहरसुद्धा येतं.

केंद्र कोणतं, हा प्रश्न मात्र दरवेळी विचारा. १९६८ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय राहुरीला आलं. आज त्याला महात्मा फुल्यांचं नाव आहे. भगवा डाळिंब तिथलं, फुले २६५ हा ऊस तिथलाच. डाळिंब लावणाऱ्या सांगोल्याच्या शेतकऱ्याला वाणाची चौकशी करायची असेल, तर त्याच्यासाठी राहुरी ही सदर आणि मुंबई मोफसिल.

पुढच्या वेळी कुठल्या फॉर्मवर ‘तपशील भरा’ दिसलं, तर त्याचा भाऊ आठवा. एकाच मुळातले दोन शब्द. एकाला आपण मान देतो, दुसऱ्याने आपल्यालाच बाहेर उभं केलं.

तुमच्या गावाला कोण मोफसिल म्हणतं आणि तुमचं गाव कोणाला म्हणतं, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.